घरचं बेकिंग आणि परफेक्शनचा हट्ट: गोव्याच्या स्वयंपाकघरासाठी एक मार्गदर्शक

केक चवीला उत्तम झालेला असतो, मुलं दुसरा तुकडा मागत असतात, आणि करणारी बाई मात्र बशी पुढे करताना सांगत असते, “आज जरा मध्ये बसलाच गं. कडापण जास्त लाल झाल्या.” फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठल्याही ओळखीच्या घरी गेलं की हे ऐकू येतं. काही जणींनी तर यापायी बेकिंगच सोडलं. ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, माळ्यावर गेला आणि नाताळाला, वाढदिवसाला केक विकतचा येऊ लागला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकींचा हात चांगला आहे. बिघडतं ते मोजमापात, हवेत आणि ओव्हनच्या उष्णतेत. बोल मात्र हाताला लागतो.

हा हट्ट ‘सोड’ म्हटल्यानं सुटत नाही. त्यासाठी काही गोष्टी ठरवून, क्रमानं कराव्या लागतात. त्या खाली देते. पहिल्या दोन पायऱ्यांना तर ओव्हन लावायचीही गरज नाही.

पायरी १: दोष कुणाचा, ते आधी तपासा

आपण ज्या पाककृतींशी स्वतःची तुलना करतो, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या हवेसाठी लिहिलेल्या नसतात. परदेशी पाककृतीत ‘रूम टेंपरेचरचं लोणी’ म्हटलं की साधारण २० ते २१ अंश सेल्सिअस धरलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी स्वयंपाकघरात सहज ३२ अंश असतात, आणि गॅस चालू असेल तर त्याहून जास्त. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणजे पाककृतीप्रमाणे तासभर ओट्यावर ठेवलेलं लोणी आपल्याकडे मऊ होऊन थांबत नाही, ते तेलाकडे निघालेलं असतं.

हे नीट बघा एकदा. फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या वडीवर दर पाच मिनिटांनी बोट टेकवून पाहा. बोटाचा खळगा उमटतो पण लोणी अजून निस्तेज, गार लागतं, तीच फेटायची वेळ. बोट काही अडथळा न येता आत गेलं, खळग्याच्या कडा चमकू लागल्या आणि बोटाला तेलकट थर आला, की उशीर झाला. अशा लोण्यात साखर कितीही फेटली तरी हवा धरली जात नाही, मिश्रण पांढरं-हलकं होत नाही, आणि केक दाट होतो. आपल्याला वाटतं, आपल्याला फेटता येत नाही. खरं तर भांडं पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवलं असतं तरी काम झालं असतं.

मापाचंही तसंच. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतर बहुतेक ठिकाणी तो १५ चा. कप मैद्याच्या डब्यात दाबून भरला तर १४०-१५० ग्रॅम मैदा येतो. चमच्यानं अलगद भरून वरून सपाट केला तर सुमारे १२०. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं. आपल्या दुकानातलं बरेचदा टरफलासकट तेवढं असतं. तीन अंड्यांच्या केकमध्ये हा फरक जाणवण्याइतका होतो.

आणि ओटीजी. त्याच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतातच असं नाही. थर्मोस्टॅट आतली तापणारी कांडी चालू-बंद करत राहतो, त्यामुळे आतलं तापमान सतत वर-खाली होतं, आणि लहान ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांचा फरक अगदी नेहमीचा. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. बेकिंगवर एकच खर्च करायचा असेल तर मी तो आणि एक डिजिटल वजनकाटा घ्यायला सांगेन. पायपिंगच्या नोझलांचा संच नंतर.

काटेकोर वजन करणं हा परफेक्शनचा हट्ट आहे असं कुणी समजू नये. उलट काटा वापरला की डोक्यातली एक मोठी धाकधूक जाते. मैदा १२० ग्रॅम घेतला आहे हे ठाऊक असलं की केक बसल्यावर ‘मैदा जास्त झाला का, कमी झाला का’ हा प्रश्नच उरत नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की मैदा ओल धरतो, पिठीसाखरेच्या गुठळ्या होतात, उघडलेली बेकिंग पावडर डब्यातच अर्धी मरते. (अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली, नाहीतर टाकून द्या.) साखर हवेतली ओल ओढून घेते, म्हणून मेरँग, मॅकरॉन, कडक आयसिंग हे प्रकार आषाढात वाळतच नाहीत. ते जमले नाहीत म्हणून जुलैत रडू नका. जानेवारीत करा.

पायरी २: दोन रकाने आखा

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, काय बरोबर असायलाच हवं. उजवीकडे, काय कसंही चालेल. केक करायला घेण्याआधी लिहायचं, नंतर नाही. ओव्हनमधून केक बाहेर आल्यावर मन स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊ लागतं, तेव्हा ठरवलेल्याला अर्थ नसतो.

माझ्या डाव्या रकान्यात नेहमी चारच गोष्टी असतात: आतून पूर्ण शिजलेला, नारळ-लोणी-सुकामेवा खवट नसलेला, मीठ-सोडा मापात, आणि खाणाऱ्याला ज्याची अॅलर्जी आहे ते आत नसलेलं. उजवीकडे बाकी सगळं: तडा, मधला घुमट, रंगात एका बाजूला फरक, कडेचा तुटलेला कोपरा, आयसिंगमधली सुरीची रेघ, सारखे नसलेले तुकडे.

कुणाला उजवीकडचं एखादं डावीकडे न्यावंसं वाटेल. जरूर न्या, पण त्यापुढे कारण लिहा. “लेकीच्या वाढदिवसाला गुलाबी रंग हवा, तिनं मागितलाय” हे कारण आहे. “लोक काय म्हणतील” हे लिहून बघा आणि त्याखाली त्या लोकांची नावं लिहा. बहुतेक वेळा दोन नावांपुढे पेन सरकत नाही.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले: माणूस स्वतःकडून अवाजवी अपेक्षा करतो तो एक, दुसऱ्यांकडून करतो तो दुसरा, आणि लोकांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे असं त्याला वाटत राहतं तो तिसरा. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सर्वांत जास्त. केकच्या बाबतीत मला आजूबाजूला हा तिसराच प्रकार दिसतो. केक खाणारी चार माणसं समोर खूश असतात, आणि आपण मात्र मोबाईलमधल्या अनोळखी केकपुढे मान खाली घालून उभ्या असतो.

पायरी ३: एकच केक निवडा, आणि तो बातक असू द्या

हट्ट सोडायच्या सरावाला स्पंज घेऊ नये. स्पंज प्रत्येक चुकीचा हिशोब मागतो. आपल्या गोव्याचा बातक घ्या. रवा आणि ओल्या नारळाचा हा केक. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटात दोदोल, नेवऱ्या, बेबिंकाबरोबर असतो तो. त्याला आयसिंग लागत नाही. रव्याचे कण जाड असल्यानं थोडं जास्त ढवळलं तरी तो मैद्यासारखा चिवट होत नाही. वर तडा जातोच, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.

वीस सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची डब्यासाठी: बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, खवलेला ओला नारळ १७५ ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, नारळाचं किंवा साधं दूध १५० मिलिलिटर, अंडी ३, बेकिंग पावडर १ लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांत अंड्यांऐवजी दीडशे ग्रॅम ताजं दही आणि वर अर्धा लहान चमचा खायचा सोडा घाला. पोत थोडा दाट येतो, चव छान येते.

दूध कोमट करून त्यात लोणी विरघळवा. इथे लोणी वितळवायचंच आहे, म्हणजे पहिल्या पायरीतली बोटाची परीक्षा या केकला लागूच नाही. त्यात साखर, मीठ, रवा, नारळ मिसळा, झाका आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. रवा या वेळात फुगतो आणि केक दाताखाली कचकच करत नाही. जुन्या पद्धतीत सगळं मिश्रण रात्रभर बाहेर मुरवत; आपल्या उकाड्यात अंडी घातलेलं मिश्रण बाहेर ठेवायला मी सांगणार नाही. अंडी आणि बेकिंग पावडर भाजायच्या वेळीच घालायची. फ्रीजमधून काढलेला गोळा घट्ट झालेला असेल. तो अर्धा तास बाहेर ठेवा, मग अंडी फेटून घाला, बेकिंग पावडर आणि वेलचीची पूड टाका आणि ढवळा. गुठळ्या थोड्या राहिल्या तर राहू द्या, रवा आणि नारळ आहे तो.

डब्याला बटर पेपर लावा. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा, थर्मामीटरवर १७० दिसू द्या. ४५ ते ५५ मिनिटं लागतात.

पहिल्यांदा कराल तेव्हा एक गोष्ट मुद्दाम करा: मिश्रण डब्यात ओतल्यावर वरून सपाट करू नका. डबा एकदा ओट्यावर आपटा आणि तसाच आत ठेवा. हाताला सवय नसते, चमचा आपोआप पुढे जातो. त्या चमच्याला थांबवणं हाच या पायरीचा सराव.

पायरी ४: भाजत असताना काय करायचं

पहिली तीस मिनिटं दार उघडायचं नाही. मधला भाग अजून पातळ असतो. गार हवा लागली की फुगलेले बुडबुडे धरून ठेवायला आत काही नसतं आणि केक बसतो. बाहेरून काचेतून बघायला हरकत नाही, पण मी तर तेवढ्या वेळात भांडी घासून टाकते. ओव्हनसमोर उभं राहून काळजी केल्यानं तापमानात काही फरक पडत नाही.

तिसाव्या मिनिटानंतर तडा दिसेल. तो का येतो ते समजून घ्या: बाहेरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतलं मिश्रण अजून वर येत असतं, आणि त्याला वाट हवी असते. डबा लहान असेल किंवा उष्णता जास्त असेल तर तडा मोठा. बातकमध्ये मिश्रण जाडच असल्यानं तो येणारच. आता त्या तड्यातच डोकावून पाहा. आतली बाजू ओली, चकचकीत दिसत असेल तर मधे अजून कच्चं आहे. ती कोरडी, फिकट पिवळी आणि दाणेदार दिसू लागली, कडा डब्यापासून केसभर सुटल्या आणि भाजलेल्या नारळाचा वास घरभर पसरला की टूथपिक घाला. ओला कण चिकटला तर चालेल, पातळ मिश्रण चिकटलं तर अजून पाच-सात मिनिटं. ज्यांच्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे त्यांनी मध्यभागी ९६ अंशांच्या आसपास बघावं. ज्या तड्यामुळे आपण केक लपवतो, तोच केक झाला की नाही हे सगळ्यांत आधी सांगतो.

वर जास्त लाल होतंय पण आत कच्चं आहे, असं झालं तर फॉइलचा तुकडा सैल टाका. नारळ आणि साखर दोन्ही लवकर रंग धरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पावसाळ्यात लाईट जाते. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा. दहा मिनिटांत आली तर दार न उघडता चालू ठेवा आणि तेवढाच वेळ वाढवा. नाही आली तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून गॅसवर तापवा आणि डबा त्यात हलवा. केक थोडा बसेल, खालून जास्त भाजेल. डाव्या रकान्यातलं ‘आतून शिजलेला’ पूर्ण झालं की काम झालं.

पायरी ५: तासभर निकाल देऊ नका

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं डब्यातच, मग जाळीवर. गरम केक कापला तर चिकट लागतो, कारण आतली वाफ अजून बाहेर पडायची असते आणि पिठातलं स्टार्च बसायचं असतं. गरमच कापून “कच्चा राहिला” म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. तोच केक संध्याकाळी नीट होता. बातक तर रात्रभर झाकून ठेवावा.

पायरी ६: वाढताना माफी मागायची नाही

सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे. केक बशीत घालून पुढे करताना त्यातलं एकही वैगुण्य आपण होऊन सांगायचं नाही. “घ्या, बातक केलाय” एवढंच. कुणी विचारलं, “मध्ये जरा बसलाय का?” तर “हो, बसलाय” म्हणायचं आणि चहा ओतायचा. खुलासा नाही, ओव्हनची तक्रार नाही, ‘पुढच्या वेळी बघा’ नाही.

आपण वैगुण्य सांगितलं की समोरच्याला आपलं समाधान करत बसावं लागतं. शेजारच्या काकू खायचं सोडून “नाही गं, छानच झालाय” म्हणत राहतात आणि त्यांना खरंच कसा लागला हे आपल्याला कधीच कळत नाही. गप्प राहिलात तर खरी माहिती मिळते: साखर कमी हवी होती का, नारळ दाताखाली येतो ते आवडलं का, सासऱ्यांनी दुसरा तुकडा घेतला की नाही. केक सुधारायचा असेल तर कामाचं हेच.

चवथीला नेवऱ्यांचं ताट शेजारी जातं तेव्हा मुरड प्रत्येक नेवरीची वेगळी असते. एकाच घरात सासूची मुरड बारीक आणि सुनेची जाड, ती ताटात शेजारी-शेजारी बसतात. पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, पोयाही एका मापाच्या नसतात. लाकडाच्या भट्टीत एका बाजूची जास्त भाजते आणि घरात तीच मागणारं कुणीतरी असतंच. ही मुभा आपण नेवरीला आणि पोईला देतो. केकला द्यायला हरकत काय?

पायरी ७: वहीत एकच ओळ

दर वेळी तारीख, ओव्हन थर्मामीटरवरचं खरं तापमान, लागलेला वेळ, आणि पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट. एकच. तापमान, साखर आणि डबा तिन्ही एकदम बदलले तर केक का सुधारला ते समजत नाही आणि का बिघडला तेही नाही. “१७० वर ५२ मिनिटं, खालून जास्त भाजला, पुढच्या वेळी जाळी एक खाच वर” ही चांगली नोंद. “नीट जमला नाही” ही नोंदच नव्हे, ते स्वतःला बोल लावणं आहे. ते वहीत शिरू देऊ नका.

हाच केक पुन्हा पुन्हा करा. नवनव्या पाककृतींमागे धावलं की प्रत्येक वेळी आपण नवशिक्याच राहतो.

पायरी ८: बिघडलेल्याची सोय आधीच ठेवा

बिघडेल म्हणून भीती वाटते ती मुख्यतः वाया जाण्याची. नारळ, लोणी, अंडी महाग आहेत, ती भीती खोटी नाही. म्हणून आधीच ठरवा. कोरडा झाला तर काप करून मंद ओव्हनमध्ये टोस्ट करा, चहाबरोबर बुडवून खायला फार छान. मध्ये बसला तर मधला भाग काढून त्यात आंब्याचा रस किंवा कस्टर्ड. चुरा झाला तर दूध-अंडं-साखरेबरोबर उकडून पुडिंग, शिळ्या पावाचं करतात तसं. फेकायचा तो एकच: आत कच्चा राहून रात्रभर बाहेर राहिलेला.

यानंतर काय

बातक हातात बसला, म्हणजे तो करताना पाककृती बघावी लागत नाही आणि वाढताना तोंडातून माफी निघत नाही, की बोलिन्हास घ्या. रवा-नारळाची ही बिस्किटं; काट्यानं वर रेघा मारायच्या असतात आणि त्या कधीच दोन बिस्किटांवर सारख्या येत नाहीत. पावसाळ्यात गार होताच हवाबंद डब्यात भरा, नाहीतर संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. त्यानंतर स्पंज, तोही डिसेंबर-जानेवारीत, लोणी वागतं तेव्हा. आयसिंगचा गुळगुळीतपणा सर्वांत शेवटी, आणि पंख्याखाली लोण्याचं आयसिंग लावत बसण्यापेक्षा पिठीसाखर भुरभुरवलेली बरी.

ऑर्डरी घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. गिऱ्हाईक फोटोतल्यासारखा केक मागतं आणि त्याचे पैसे देतं, तिथे रेघ सरळच हवी. पण विकायचे आणि घरचे केक एकाच वहीत, एकाच मापानं तोलू नका. घरच्यांसाठी केलेल्यावर पायपिंग करायचं नाही असा नेम काही जणींनी केलाय. मला तो पटतो.

बेबिंकाची घाई करू नका. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर आणि थोडा मैदा. एक थर ओतायचा, वरच्या कांडीवर लाल होऊ द्यायचा, तूप लावायचं, मग दुसरा. परंपरेनं सात थर, काही घरांत सोळापर्यंत, आणि दिवसाचे कितीतरी तास त्यात जातात. थर कमी-जास्त जाडीचे येतील. पहिल्यांदा करताना पाच थरांचाच करा, मिश्रण पळीनं मोजून ओता, आणि लाईट जायची शक्यता कमी असलेला दिवस निवडा.